मार्करकाका, तुमचे मनापासून आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या त्या पूल पार्लरमध्ये बॉल लावायचे, पुसायचे, वेळ लिहायची, एवढंच तुमचं काम. शिकवायचे पैसे तुम्हाला कोणी देत नव्हतं. तरी गर्दी ओसरली की तुम्ही आमच्या टेबलाशी येऊन उभे राहायचात. माझ्या ड्रॉ शॉटचं, म्हणजे पांढरा बॉल समोरच्या बॉलला लागून मागे आणायच्या फटक्याचं, सगळं श्रेय तुमचं आहे, आणि ते चारचौघांत सांगायचं म्हणून हे पत्र.

पांढरा खालून मारला की मागे येतो, हे कोणीही सांगतं. तो कधीकधी का येत नाही, ते तुम्ही दाखवलंत. पांढऱ्याच्या जागी पट्ट्याचा बॉल ठेवलात, पट्टा आडवा. मला मारायला लावलंत आणि बॉल उचलून त्यावरचा खडूचा निळा ठिपका दाखवलात. तो पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंतच हवा; त्याच्या खाली गेलात की मिसक्यू, म्हणजे क्यूची टिप (काठीचं टोक) बॉलवरून निसटते. मग तोच बॉल लांबवर हळू मारलात. "पट्ट्याकडे बघ," म्हणालात. पट्टा आधी उलटा फिरला, कापडावर घासून मंदावला, क्षणभर बॉल नुसता घसरला आणि समोरच्या बॉलपर्यंत पोचेस्तोवर सरळ गडगडायला लागला! उलटी फिरकी वाटेतच संपते, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसलं. अंतर वाढलं की जोरही वाढवायचा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही. पावसाळ्यात कापड दमट असलं की फिरकी आणखी लवकर मरते, तेही तुमच्याकडूनच कळलं.

"क्यू मागून उचलू नकोस, पुढचा तळवा खाली बसव." हे तुम्ही न कंटाळता सांगत राहिलात. पकड सैल, टिप बॉलच्या पलीकडे जाऊ द्यायची. मला वाटतं, ताकदीपेक्षा या सैल मनगटानेच पांढरा जास्त मागे येतो.

कोनातल्या शॉटला पांढरा आधी समोरच्या बॉलच्या वाटेशी नव्वद अंशांच्या रेषेत सुटतो आणि मग मागे वळतो. जोर जास्त, तितकं वळण उशिरा. हे माहीत असल्यामुळे मधल्या पॉकेटात जाणारा पांढरा आता बऱ्याचदा वाचतो.

दिवाळीत पुण्यात येतोय. साइड (बाजूची फिरकी) देऊन मारायचा ड्रॉ अजून शिकायचा राहिलाय. दुपारी टेबल रिकामं असताना आलो तर चालेल ना?

तुमचा,
कोपऱ्यातल्या टेबलावरचा विद्यार्थी