बॅटरी घेऊन तिसरा मजला

नौपाड्यातल्या घरापासून ठाणे स्टेशन हाकेच्या अंतरावर, पण गुडघे ऐकत नाहीत. शेअर रिक्षाच्या रांगेला कंटाळून छोटी ई-स्कूटर घेतली. मोटर 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किमीहून कमी. त्यामुळे नियमाप्रमाणे नोंदणी नको, लायसन्स नको. गोखले रोडवर संध्याकाळी याहून वेगात जातं तरी कोण!

घोडं अडलंय चार्जिंगपाशी. इमारत जुनी, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये प्लग द्यायला सोसायटी राजी नाही. स्वतंत्र मीटरचा खर्च देतो म्हटलं, तरी नाहीच. रोज रात्री जड बॅटरी तिसऱ्या मजल्यावर न्यायची आणि मिक्सरच्या प्लगला लावायची. महापालिकेने स्टेशनजवळच्या वाहनतळात दुचाकींसाठी निदान चार साधे सॉकेट तरी द्यावेत.

– एक ज्येष्ठ नागरिक, नौपाडा, ठाणे