फाटकाजवळचे सायकस

पुणे, १२ जानेवारी

प्रिय सुनू,

काल फोनवर मी तुला नुसतं ‘ती झाडं आजच हलव’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. राग आला असेल तुला. पण पुढचं बोलताना मला रडू आलं असतं, म्हणून लिहायला बसले.

तू पाठवलेल्या फोटोत तुझी कुत्री, चिंगी, पायरीवर बसली आहे आणि तिच्यामागे फाटकाच्या दोन्ही बाजूंना ती झाडं आहेत. एक कुंडीत, एक जमिनीत. तू त्यांना पाम म्हणतेस. नर्सरीवालेही तसंच म्हणतात, पण ते पाम नाहीत. ते सायकस. मूळचं दक्षिण जपानकडच्या बेटांवरचं झाड, आणि ताडामाडाशी त्याचं काही नातं नाही. बारा महिने हिरवंगार, पाणी कमी मागतं, सावकाश वाढतं, म्हणून बंगल्यांच्या दारात आणि सोसायट्यांच्या बागेत सगळीकडे दिसतं.

आमच्या अंगणातही होता. आमचा कुत्रा शेरू तेव्हा तीन वर्षांचा. सायकसमध्ये नर आणि मादी वेगळी झाडं असतात, हे मला माहीतच नव्हतं. आमची मादी निघाली. बऱ्याच वर्षांनी तिच्या शेंड्यात लोकरीसारखा मऊ गड्डा आला आणि डिसेंबरात त्यातून जायफळाएवढ्या शेंदरी बिया सुटायला लागल्या. मी कौतुकाने चार बिया वेचून देवघरात ठेवल्या. बाकीच्या तिथेच पडल्या होत्या.

शेरूने किती खाल्ल्या ते कळलं नाही. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. सकाळी सुस्त होता, दुपारी थोडा दहीभात खाल्ला, संध्याकाळी शेपूट हलवत दारापर्यंत आला. आम्हाला वाटलं, उतरलं पोटातलं. सुनू, तो एक बरा दिवस मला अजून छळतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या हिरड्या पिवळ्या दिसल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा यकृत गेलेलं होतं. सलाईन लावलं, दोन रात्री आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ बसलो. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला.

नंतर डॉक्टरांनीच समजावलं. झाडात सायकसिन नावाचं द्रव्य असतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून जे निघतं ते यकृताच्या पेशी मारतं. पान, खोड, मूळ, सगळंच विषारी, पण बी सर्वांत जास्त. एकदोन बियांनीही कुत्रा जाऊ शकतो. उतारा असा नाहीच. लवकर नेलं तर ते उलटी करवतात, औषधी कोळसा पाजतात, सलाईन देतात आणि यकृतावर लक्ष ठेवतात. वेळेत पोचलेले कुत्रे वाचतातही. आम्ही दीड दिवस वाट पाहिली.

मला सारखं वाटतं, कण्हेर असती तर मी सावध राहिले असते. कण्हेरीची, बिट्टीची फळं तोंडात घालायची नाहीत, हे आपल्या दोघींना आज्यांनी किती वेळा बजावलं होतं! सायकसबद्दल सांगायला घरात कोणीच नव्हतं. जिथे ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथल्या लोकांना त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. केरळात सायकसचीच एक जात आहे, ईन्थ म्हणतात तिला. तिच्या बिया वाळवून, पुन्हापुन्हा पाणी बदलत भिजवून मगच पीठ करतात. ओकिनावात १९२०च्या दशकातल्या उपासमारीत लोकांना सायकस खावा लागला, आणि विष नीट न निघाल्यामुळे माणसंही दगावली. त्या काळाचं तिथलं नावच ‘सायकसचा नरक’ असं आहे. आपल्याकडे ते आलं ते थेट शोभेच्या कुंडीत.

तर आता तुझं. चिंगीने खालची झावळी कुरतडली, असं तू लिहिलंस. ती हसतखेळत असली तरी आजच डॉक्टरकडे ने, एक झावळी पिशवीत घालून बरोबर ने, म्हणजे झाड ओळखायला त्यांना वेळ लागणार नाही. घरी दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नकोस. उलटीही आपल्या मनाने करवू नकोस. आणि परवा पुन्हा रक्त तपासायला सांग, आज सगळं ठीक आलं तरीही.

कुंडीतलं झाड गच्चीवर चढव आणि जिन्याचं दार लाव. जमिनीतल्याला माळी लावून मुळासकट काढावं लागेल. बुंध्याशी छोटी पिल्लं फुटलेली असतात, तीही राहता कामा नयेत. हातमोजे घालायला सांग, पानांची टोकं सुईसारखी असतात. काढलेलं झाड कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकू नका, तुमच्या गल्लीत मोकळी कुत्री आहेत आणि शेजारचे कोणी कौतुकाने घरी नेतील. त्या जागी हिरवंच हवं असेल तर अरेका लाव. तो कुत्र्यांना बाधत नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते. माळी मिळाला नसेल तर आपण दोघी खणू. तोवर चिंगीला पट्ट्याशिवाय अंगणात सोडू नकोस, आणि डॉक्टरकडून आल्याआल्या फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
नलू