ब्रेक तपासत बसू नकोस

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "टायर कोणते लावले होतेस?" असं विचारून विषय फिरवता. तीनदा झालं हे. म्हणून आता पत्र, आणि तेही उघड, चारचौघांसमोर. इथे तरी तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. दोन वर्षांपूर्वी सायकलवर असताना मागून आलेल्या एका गाडीच्या आरशाचा फटका माझ्या कोपराला बसला. मी कडेच्या खडीत आपटले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. हाड जुळून आलं, पण मागून इंजिनाचा आवाज आला की हँडलवरची बोटं आपोआप आवळली जायची, ते काही जाईना. शेवटी सायकल भिंतीला टेकली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. हे मी तुम्हाला गंमत म्हणून सांगितलं होतं. तुम्ही हसला नाहीत. "मग गाड्या नाहीत तिथे चालव की," एवढंच म्हणालात. काही दिवसांनी पोस्टाने एक पान आलं.

दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेलं, पाऊस लागू नये म्हणून पारदर्शक पाकिटात घातलेलं. डावीकडे मैलाचा आकडा, उजवीकडे एखादी ओळ. वर शीर्षक: 'पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, नऊ दिवस. आठ दिवसांत करू नकोस.'

या वाटेवर तुम्ही किती वेळा गेलात हे तुम्ही मला नीट सांगितलेलंच नाही. गुडघ्यांनी नाही म्हटलं नसतं तर याही वेळी निघाला असता, हे मात्र कळत होतं. अमेरिकेतली ही वाट म्हणजे खरं तर दोन वाटा एकीला एक जोडलेल्या. पहिली ग्रेट अ‍ॅलेगनी पॅसेज, २४१ किलोमीटर, बहुतेक जुन्या रेल्वेमार्गांवरून गेलेली. रूळ उचलले, चुनखडीची बारीक भुकटी दाबून बसवली, आणि तुकडे जोडत जोडत २०१३ मध्ये ती सलग झाली. ती कंबरलँड गावाशी संपते. तिथूनच चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची वाट सुरू होते, २९७ किलोमीटर, पोटोमॅक नदीच्या सोबतीने थेट वॉशिंग्टनपर्यंत. या वाटेवरून एके काळी खेचरं नावा ओढत चालायची. दोन्हीकडे मोटारींना बंदी. मध्ये रस्ते आडवे येतात, ते ओलांडायचे आणि पुन्हा झाडीत शिरायचं.

सामानाबद्दल आपलं भांडण झालं ते लिहीत नाही. दुसरी जाड पँट मी शेवटी काढली, एवढं सांगते.

पहिल्या दिवशी मी सारखी मागे वळून बघत होते. पानं वाजली तरी. पॅनियरचा, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या पिशवीचा, हूक खडखडला तरी. तुमच्या सांगण्यावरून हँडलला आरसा लावला होता, त्यात दर अर्ध्या मिनिटाला नजर जायची. आरशात काय, तर मागे जाणारी पांढरट वाट आणि दोन्हीकडची झाडं. दुसऱ्या दिवशी यॉकिगेनी नदी बाजूला आली (तिथले लोक नुसतं 'यॉक' म्हणतात) आणि खालून पाण्याचा आवाज यायला लागला. तिसऱ्या दिवशी ओहायोपाइलच्या उंच पुलावर थांबून खाली पाण्यातल्या होड्या बघत होते, तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून आपण आरशात पाहिलेलंच नाही. तुमच्या पानावर त्या जागी काय लिहिलं होतं? 'पूल. आरसा काढून टाक आता.' काका, हे तुम्हाला आधीपासून कसं ठाऊक होतं?

पण मला मुख्य सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं.

कॉन्फ्लुअन्स हे गाव सोडलं आणि पायांत काही राहिलंच नाही. वाट डोळ्यांना सपाट. अगदी टेबलासारखी. डावी-उजवीकडे जंगल, हवा गार, वारा नाही, तरी सायकल पुढे जायला तयार नाही. मी म्हटलं मागचा ब्रेक घासतोय. उतरले, सामानासकट मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. छान फिरलं. मग म्हटलं टायरमध्ये हवा कमी असेल. अंगठ्याने दाबून पाहिलं, टणक. पंप काढून तरी आणखी थोडी भरली. परत निघाले, परत तेच. दहा मिनिटांनी पुन्हा उतरले, या वेळी दोन्ही पॅनियर खाली ठेवून ब्रेकचे पॅड वाकून बघितले. मध्ये भरपूर फट. मग उरलं काय? मीच. त्या लाकडी बाकावर बसून मी स्वतःला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वय, वजन, दोन वर्षं घरात बसणं, हौस कशाला करायची, सगळं झालं. परतीची गाडी कुठून मिळेल याचाही विचार केला.

पान समोरच होतं, हँडलच्या पिशवीवर. पण वाचायचा चष्मा पॅनियरच्या तळाशी. तो तिसऱ्या वेळी उतरले तेव्हा काढला. कॉन्फ्लुअन्सपुढे तुमची ओळ: 'इथून ६० किलोमीटर चढ. दिसणार नाही. ब्रेक तपासत बसू नकोस. तुझा दोष नाही, वाटेचा आहे.'

मी एकटीच मोठ्याने हसले. बाजूने जाणाऱ्या दोघांनी काळजीने हात केला.

नंतर तुम्ही फोनवर समजावलंत ते इतरांसाठी लिहिते. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपायचा नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी डोंगराला वळसे घातले, दऱ्यांवर पूल टाकले, बोगदे खणले, आणि सगळा चढ लांबच लांब पसरून टाकला. त्या टप्प्यात तो सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास असेल. शंभर मीटरला अर्धा मीटर. डोळ्याला हे कळतच नाही, कारण बाजूची दरीही तशीच हळूहळू वर येत असते. मांड्यांना मात्र पहिल्या मिनिटापासून कळतं. रस्त्यावरचा घाट तोंडावर सांगतो की मी घाट आहे. मग माणूस गिअर खाली टाकतो आणि रडत का होईना चढतो. ही वाट काही सांगत नाही, आणि माणूस स्वतःवरच आळ घेतो.

मी गिअर दोन खाली टाकले. ताशी अकरा-बारा. बस्स, तेवढंच करायचं होतं.

त्याच दिवशी उशिरा सॅलिसबरीचा पूल लागला. जवळजवळ ५८० मीटर लांब, दरीच्या तळापासून ३० मीटर उंच. खाली कॅसलमन नदी, मालगाड्यांचे रूळ आणि चौपदरी हमरस्ता. कठड्याला सायकल टेकून मी कितीतरी वेळ उभी होते. ट्रकचा आवाज वरपर्यंत येत होता. बोटं आवळली नाहीत. याच्यावर तुमच्या पानात काही नव्हतं, पुलाची लांबी-उंची सोडून. बरं झालं नव्हतं ते.

पाचव्या दिवशी पूर्वेकडची जलविभाजक रेषा आली, ७२९ मीटरवर. तिथे वाट एका छोट्या पुलाखालून जाते आणि भिंतीवर सगळ्या मार्गाच्या उंचीचा आलेख रंगवलाय. डावीकडून दोनशे किलोमीटर आळसावून चढत आलेली रेघ, आणि शिखरानंतर कंबरलँडपर्यंत ३८ किलोमीटरांत धाडकन खाली. माझा कालचा अख्खा दिवस त्या भिंतीवर काढलेला होता. बाकावरचं रडगाणं कुठे झालं तेही बोट ठेवून दाखवता आलं असतं. पुढे बिग सॅव्हेज बोगदा, सुमारे एक किलोमीटर, आत दिवे. तोंडाशी गार हवेचा झोत येतो आणि पलीकडे बाहेर पडलं की एकदम समोर डोंगरांच्या रांगा. मग उतार. तासभर पायडल मारलं नाही म्हटलं तरी चालेल.

कालव्याची वाट वेगळ्याच स्वभावाची. मातीची, मुळांची, पावसानंतर चिखलाची. दोन दिवस पाऊस झालेला होताच. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल, पानं आणि काटक्या यांचा असा गच्च लगदा बसला की चाक फिरेना. तुम्ही घ्यायला लावलेला जुना टूथब्रश मी तेव्हा काढला. शेवटी काडीच जास्त उपयोगी पडली, पण ब्रशचं श्रेय तुमचं. हॅनकॉक गावाच्या दोन्ही बाजूंना शेजारून दुसरी, डांबरी वाट धावते. 'चिखल असेल तर इकडे ये, लाजू नकोस,' असं तुम्ही लिहिलंच होतं. लाजले नाही.

पॉ पॉ बोगद्याशी तुमची सूचना होती: 'उतर. टॉर्च. ढकलत जा.' ९५० मीटर, आत एकही दिवा नाही. १८३६ मध्ये काम सुरू झालं आणि कालवा तिथून वाहायला १८५० उजाडलं. आत साठ लाख विटा आहेत म्हणे. एका बाजूला काळं पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये ओबडधोबड अरुंद वाट आणि खेचरांच्या दोरांनी खाचा पडलेला लाकडी कठडा. टॉर्चच्या उजेडात त्या खाचांत बोट घालून पाहिलं. पूर्ण बोट बसतं.

ही वाट आज आहे तीही कुणाच्या तरी पायांमुळे. कालवा १९२४ मध्ये बंद पडला आणि पुढे त्यावरून मोटाररस्ता करायचं घाटत होतं. एका वर्तमानपत्राने त्याला पाठिंबा दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं: माझ्याबरोबर सगळी वाट चाला आणि मग बोला. मार्च १९५४ मध्ये ते कंबरलँडहून निघाले आणि वॉशिंग्टनपर्यंत चालत आले. १९७१ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. दुपारी कालव्याच्या मोडक्या दरवाजांजवळच्या पाण्याशी थांबायचे, ओंडक्यावर ओळीने बसलेली कासवं एकेक करून डुबकी मारायची, तेव्हा हा गृहस्थ रोज आठवायचा.

आता तक्रार. 'पाणी: दर काही मैलांवर हातपंप,' असं तुम्ही लिहिलंत. काका, लागोपाठ दोन पंपांना दांडाच नव्हता. पाणी तपासणीत नापास झालं की दांडा काढून ठेवतात, हे मला नंतर कळलं. दोन्ही बाटल्या कोरड्या, आणि मी दांड्याशिवायच्या पंपाकडे बघत उभी. एका अनोळखी सायकलस्वाराने आपली अर्धी बाटली माझ्या बाटलीत ओतली आणि नावही न सांगता गेला. त्याचेही आभार, त्याला मराठी येत नसलं तरी.

मैलाचे दगड दोनदा शून्यावर येतात, एकदा कंबरलँडला आणि एकदा वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊनला. दुसरा शून्य शोधायला मला वीस मिनिटं लागली. तो एका बोटघराच्या मागे आहे, जिथे कुणी कशाला जाईल. 'सापडला नाही तर विचारू नकोस, शोध,' ही तुमची शेवटची ओळ. मी विचारलं. माफ करा.

पान परत पाठवतेय, कारण पुढच्या कुणाला तरी ते लागेल आणि तुम्ही ते देणार हे मला माहीत आहे. पाकिटात चिखल शिरलाय, तो पुसला नाही. मी पेन्सिलने दोनच गोष्टी घातल्या आहेत. पंपांच्या ओळीपुढे 'दांडा आहे का बघ'. आणि अगदी वर, शीर्षकाच्याही आधी: 'चष्मा हँडलच्या पिशवीत ठेव.'

टायर ४० मिलिमीटरचे होते. एकही पंक्चर नाही.

तुमची,
आरसा काढून ठेवलेली