दोन पासपोर्ट असतील तर तिकीट कोणत्या पासपोर्टवर काढावे?

महोदय,

उन्हाळी सुट्टीची तिकिटे निघू लागली की दांडिया बाजार, रावपुरा, अलकापुरी इथल्या तिकीट एजंटांकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘मुलीकडे दोन पासपोर्ट आहेत, तिकीट कोणत्यावर काढायचं?’ बडोद्यातल्या अनेक मराठी घरांतले कोणी ना कोणी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा अर्धवट दिले जाते आणि त्याचा फटका अहमदाबाद किंवा मुंबई विमानतळावर, उड्डाणाला तीन तास उरलेले असताना बसतो. म्हणून हे पत्र.

मुळात तिकीट पासपोर्टवर निघत नाही, ते नावावर निघते. बुकिंग करताना पासपोर्ट क्रमांकाचा रकाना बहुतेक वेळा रिकामा ठेवता येतो, किंवा नंतर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर अथवा चेक-इनच्या वेळी बदलता येतो. नाव मात्र एकदा छापले गेले की बदलणे कठीण. स्पेलिंगमधली एखाद-दोन अक्षरांची चूक कंपनी दुरुस्त करते, पण आडनावच वेगळे असेल तर पुष्कळदा तिकीट रद्द करून नवे काढावे लागते. तेव्हा बुकिंगच्या दिवशी पासपोर्टच्या क्रमांकापेक्षा नावाची काळजी अधिक घ्यावी.

क्रमांकाचा नियम सोपा आहे. ज्या देशात उतरायचे, त्या देशाचा पासपोर्ट असेल तर विमान कंपनीला तोच दाखवायचा. कंपनी तुमचे नागरिकत्व तपासत नसते. पुढच्या देशात तुम्हाला प्रवेश मिळेल का, एवढेच ती पाहते. कारण प्रवेश नाकारला गेला तर परत आणण्याचा भार आणि दंड तिच्यावर पडतो. अमेरिकी कायद्यानुसार अमेरिकेच्या नागरिकाने तिथे शिरताना आणि तिथून निघताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा असतो. अमेरिकी आणि ब्रिटिश अशी दोन्ही नागरिकत्वे असलेल्याने न्यूयॉर्कच्या तिकिटावर ब्रिटिश पासपोर्टचा क्रमांक भरला, तर यंत्रणा ‘एस्टा’ (व्हिसा न लागणाऱ्या परकीयांनी आधी ऑनलाइन घ्यायची प्रवेश-परवानगी) मागते, आणि अमेरिकी नागरिकासाठी एस्टा नाहीच. कॅनडाने नोव्हेंबर २०१६ पासून हाच नियम कडक केला. कॅनडाचा नागरिक दुसऱ्या पासपोर्टवर कॅनडाला जाणाऱ्या विमानात चढू शकत नाही. वैध अमेरिकी पासपोर्ट असलेल्यांना तेवढी सवलत आहे.

सर्वांत ताजा बदल ब्रिटनचा. २५ फेब्रुवारी २०२६ पासून दुहेरी नागरिकत्व असलेल्या ब्रिटिश नागरिकाला विमानात चढण्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट किंवा दुसऱ्या पासपोर्टला जोडलेले, ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचे प्रमाणपत्र लागते. अमेरिकी, कॅनडियन किंवा ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर ‘ईटीए’ (ब्रिटनची अशीच ऑनलाइन परवानगी) काढून जाऊ, असे म्हणून चालत नाही, कारण ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळतच नाही. प्रमाणपत्राचे शुल्क पासपोर्टच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून ब्रिटिश पासपोर्टचे नूतनीकरण करून ठेवणेच शहाणपणाचे.

आता भारत. इथे सर्वाधिक गैरसमज आहेत आणि ते महागात पडणारे आहेत.

भारतात प्रौढ माणसाला दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले, की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. अर्ज करा वा न करा. नियमांनुसार परकीय पासपोर्ट मिळवणे हाच त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. भारतीय पासपोर्टवर २०३१ पर्यंतची मुदत छापलेली आहे, म्हणून तो चालू आहे असे नाही. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे असते. जवळ ठेवला तर दंड आहे आणि त्यावर प्रवास केला तर पासपोर्ट कायदा १९६७ खाली गुन्हा. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे ओसीआय कार्ड २००५ च्या दुरुस्तीनंतर आले. त्याला लोक सर्रास ‘ड्युअल सिटिझनशिप’ म्हणतात, पण ते नागरिकत्व नाही. तो आजीवन, वारंवार येण्याजाण्याचा परवाना आहे. ओसीआय असलेला माणूस भारताच्या दृष्टीने परदेशीच असतो.

तरीही ‘जाताना भारतीय दाखवायचा, उतरताना अमेरिकी’ असा सल्ला गल्लीबोळात दिला जातो. तो देणाऱ्यांनी पुढे काय घडते याचा विचार करावा. चेक-इन काउंटरवर भारतीय पासपोर्ट ठेवला की पहिला प्रश्न येतो, अमेरिकेचा व्हिसा कुठे? व्हिसा नाही म्हणून अमेरिकी पासपोर्ट पुढे केला, की कंपनी विचारते, भारतात आलात कसे? त्यावर ना भारतीय व्हिसा, ना प्रवेशाचा शिक्का. इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर तर दोन्ही पासपोर्ट एकत्र ठेवणे म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा देणे. विमान सुटते आणि चौकशी मागे उरते. वृद्ध आईवडिलांना भेटायला आलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये, आणि ती टाळणे पूर्ण आपल्या हातात आहे. नागरिकत्वाची शपथ झाली की आधी भारतीय पासपोर्ट जमा करावा, मग ओसीआयचा अर्ज करावा. ओसीआय येईपर्यंत भारतात यायचे झाले तर नव्या पासपोर्टवर व्हिसा घेऊन यावे.

मुलांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे, कारण जन्माने दोन्ही नागरिकत्वे मिळू शकतात. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंदणी करून त्याला भारतीय पासपोर्ट घेता येतो. मात्र त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. इथेच पुष्कळ घरे अडकतात. ब्रिटनमध्ये आई किंवा वडील यांपैकी एकाला कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यानंतर तिथे मूल जन्मले, तर १ जानेवारी १९८३ पासूनच्या कायद्यानुसार ते जन्मतःच ब्रिटिश असते. पासपोर्ट काढला नाही म्हणून त्याचे ब्रिटिशपण जात नाही. अशा मुलाच्या भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा मागायला गेलात, तर तो मिळत नाही, कारण नागरिकाला व्हिसा देता येत नाही. ब्रिटिश पासपोर्ट काढावा, भारतीय जमा करावा, ओसीआय घ्यावे, हा क्रम सुट्टीच्या पुष्कळ आधी पुरा करावा. दोन-तीन महिने त्यात सहज जातात. दोन्ही नागरिकत्वे तशीच चालत राहिली, तर प्रौढ झाल्यावर सहा महिन्यांत परकीय नागरिकत्व सोडावे लागते, नाहीतर भारतीय जाते.

बडोद्यात जन्मलेल्या बाळाला परकीय पासपोर्ट काढला असेल, तर त्या पासपोर्टवर भारतात आल्याची नोंदच नसते. त्याला बाहेर नेण्यासाठी एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे सरकारी कार्यालय) एक्झिट परमिट लागते. अर्ज ऑनलाइन होतो, पण तिकिटाची तारीख परमिट हातात येण्याच्या बेताने ठरवावी. उलटे करू नये.

आता खरोखर दोन परकीय पासपोर्ट आणि शिवाय ओसीआय असलेल्यांकडे वळू. समजा, ओसीआय कार्डावर अमेरिकी पासपोर्टचा क्रमांक आहे आणि राहणे लंडनमध्ये आहे. लंडन-अहमदाबाद तिकिटावर जाताना अमेरिकी पासपोर्टचा क्रमांक भरावा, कारण ओसीआय त्याच नागरिकत्वावर दिलेले आहे. ब्रिटिश पासपोर्टसोबत ते कार्ड ठेवले की काउंटरवरचा माणूस गोंधळतो, आणि त्याचे चुकत नाही. परतताना विमान कंपनीला ब्रिटिश पासपोर्ट दाखवावा आणि तिथून वीस पावलांवरच्या भारतीय इमिग्रेशनला, आलो तो अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय द्यावे. ज्या पासपोर्टवर भारतात शिरलो त्यावरच बाहेर पडायचे, हे पक्के ध्यानात असावे. अधिकाऱ्याने विचारले तर दुसरा पासपोर्टही सरळ दाखवावा. दोन परकीय नागरिकत्वे असणे हा भारतात गुन्हा नाही. संकेतस्थळावर जाण्यायेण्याच्या तिकिटाला पासपोर्टचा एकच रकाना असतो. म्हणून परतीच्या वेळी ऑनलाइन चेक-इन करताना तो क्रमांक आठवणीने बदलावा. फ्रीक्वेंट फ्लायर खात्यात साठवलेला जुना, मुदत संपलेला क्रमांक आपोआप भरला जातो आणि बोर्डिंग पास निघत नाही, हा अगदी रोजचा प्रकार आहे. तिसरे नागरिकत्व घेतले, किंवा जुने सोडून नव्यावरच भारतात यायचे ठरवले, तर ओसीआयमध्ये राष्ट्रीयत्व बदलून घ्यावे लागते.

त्याच देशाचा पासपोर्ट नवा झाला असेल तर इतकी यातायात नाही. २०२१ पासून नियम सोपे झाले आहेत. ओसीआय विसाव्या वर्षाआधी मिळालेले असेल, तर वयाच्या विसाव्या वर्षानंतर पहिला नवा पासपोर्ट मिळाला की एकदाच कार्ड बदलून घ्यायचे. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची आणि पन्नाशीनंतर एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ओसीआय पोर्टलवर विनाशुल्क चढवायचा, तोही पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत. जुना पासपोर्ट बरोबर नेण्याची सक्ती नाही. तरी आमचा सल्ला असा, की कार्डावर जुना क्रमांक असेल तर जुना पासपोर्ट पिशवीत असू द्यावा. परदेशातल्या लहान विमानतळांवरच्या प्रत्येक काउंटरला हा नियम ठाऊक असतोच असे नाही. भारतातच मुक्काम असताना मुंबईच्या वकिलातीतून अमेरिकी पासपोर्ट नवा करून घेतला, तर मात्र जुना न्यावाच; आल्याचा शिक्का त्यावर आहे.

नावांचा घोळ आपल्या लोकांत सर्वाधिक. भारतीय पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधल्या नावात, परकीय पासपोर्टवर ते गाळलेले. एकावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे. दोन पासपोर्टांवर नावे वेगळी असतील, तर तिकीट उतरण्याच्या देशाच्या पासपोर्टवरील नावाने काढावे आणि विवाह नोंदणीचा दाखला अथवा नावबदलाचे राजपत्र मूळ प्रतीसह हातपिशवीत ठेवावे. ओसीआयवरचे नाव तिसरेच असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. तिकिटावर पहिले आणि मधले नाव सलग, मोकळी जागा न ठेवता छापले जाते. ती चूक नव्हे, त्यासाठी फोन करत बसू नये. नाव आणि आडनाव मिळून एकच शब्द असलेल्या पासपोर्टवर मात्र संयुक्त अरब अमिरातीच्या व्हिजिट व्हिसाला नोव्हेंबर २०२२ पासून अडचण येते.

वाटेतला थांबाही पाहावा. अबुधाबीमार्गे अमेरिकेला जाताना अमेरिकी इमिग्रेशन अबुधाबीतच होते, तेव्हा अमेरिकी पासपोर्ट हाताशी हवा, सामानात नको. स्वस्त पडते म्हणून दोन वेगवेगळ्या पीएनआरवर (बुकिंग क्रमांकांवर) तिकिटे काढली, तर मधल्या विमानतळावर बॅगा घेण्यासाठी त्या देशात शिरावे लागू शकते. तिथे दोघांपैकी ज्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही तो वापरावा.

आमच्या व्यवसायातल्या मंडळींना एक विनंती आहे. पैसे घेण्यापूर्वी प्रवाशाकडे असलेले सगळे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड समोर ठेवायला सांगावे, प्रत्येकावरील नाव अक्षरशः जुळवून पाहावे, आणि कोणत्या टप्प्यावर कोणता पासपोर्ट दाखवायचा हे तिकिटाच्या छापील प्रतीवर पेनाने लिहून द्यावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. आपल्या दैनिकाने सुट्टीच्या आधी दरवर्षी ही माहिती ठळक छापली तर प्रवाशांची मोठी सोय होईल.

आपले,
विमानतिकिटे व व्हिसाची कामे करणारे काही वाचक
रावपुरा, बडोदे