त्या रात्री मदतीला धावलेल्यांचे मनापासून आभार

माझ्या पत्नीला ल्युपस आहे. स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती आवरण्यासाठी ती जी स्टेरॉइड घेते, त्यांमुळे जिवाणूंशी लढण्याची ताकद घटते आणि तापासारखी धोक्याची खूणही झाकली जाते. त्या रात्री थर्मामीटर जेमतेम ९९.८ दाखवत होता, ओठ मात्र थरथरत होते. मूळ आजारानेच उचल खाल्ली असावी, असे आम्ही धरून चाललो होतो.

तातडीच्या विभागातील ज्या परिचारिकेने औषधांची यादी वाचताच घड्याळ समोर धरून तिचे श्वास मोजले, ज्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही हातांतून कल्चरसाठी (रक्तात जिवाणू वाढतात का ते पाहण्याच्या तपासणीसाठी) रक्त घेऊन, अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू केले आणि स्टेरॉइड एकदम थांबवू नका असे बजावले (भीतीपोटी आम्ही नेमके तेच करणार होतो), त्यांची नावे विचारण्याचेही भान आम्हाला राहिले नाही. दुसऱ्या दिवशी रक्तात न्यूमोकोकस हा जिवाणू असल्याचे ज्या तंत्रज्ञांनी कळवले, त्यांचा तर चेहराही आम्ही पाहिलेला नाही. आपणा सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. ती आता बरी असून आपण सुचवलेली न्यूमोकोकसची लसही तिने घेतली आहे.