एस्टेलच्या ‘शाइन’बद्दल, सुमाला

हाउन्स्लो, लंडन

प्रिय सुमे,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मनवाच्या कॉलेजात गॅदरिंगला मुली ‘अमेरिकन बॉय’वर नाचणार आहेत, तू कौतुकाने विचारलंस की ही गाणारी कोण गं, आणि मनवाने “असेल कुणीतरी, एकच गाणं चाललं तिचं” म्हणून विषय संपवला. आणि मग तू मला कामाला लावलंस, की तू एवढी वर्षं लंडनमध्ये आहेस, तू सांग. सांगते. पण हे फोनवर भागणारं नाही, म्हणून रीतसर पत्र. भाजी वगैरे चढवली असशील तर आधी गॅस बंद कर.

तिचं नाव एस्टेल. पूर्ण नाव एस्टेल फँटा स्वारे. जन्म १९८०चा, हॅमरस्मिथचा. म्हणजे माझ्या रोजच्या पिकॅडली लाइनवरचं स्टेशन. आई आफ्रिकेतल्या सेनेगलची, वडील कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाचे, आणि ही नऊ भावंडांतली दुसरी. तिच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याचं नावच ‘१९८०’. भरल्या घरातलं पश्चिम लंडनचं बालपण त्यात ती रॅप करत सांगते आणि मध्येच गायला लागते. हे मुद्दाम सांगतेय, कारण ‘अमेरिकन बॉय’ ऐकून ती मुळात रॅपर आहे याचा कुणाला पत्ता लागत नाही. कार्नबी स्ट्रीटजवळ ‘डील रिअल’ नावाचं हिप-हॉपच्या रेकॉर्डचं दुकान होतं. बाई तिथे काउंटरवर कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या रेकॉर्ड विकायच्या आणि स्वतःचं गाणं जमवत राहायचं.

२००४ साली पहिला अल्बम आला, ‘द एटीन्थ डे’. ‘१९८०’ इथल्या चार्टवर चौदाव्या नंबरपर्यंत गेलं, मोबो या काळ्या संगीताच्या ब्रिटिश पुरस्कारात ती सर्वोत्तम नवोदित ठरली. एवढ्यावर एखाद्याचं बस्तान बसायला हवं होतं ना? नाही बसलं. तिची आणि रेकॉर्ड कंपनीची फारकत झाली. इथल्या कंपन्यांना त्या काळी रॅप करणाऱ्या काळ्या मुलीचं करायचं काय हेच समजत नसे असं माझं मत आहे. मिस डायनामाइट या लंडनच्याच रॅपरचं बघ. २००२ मध्ये मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे इथला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान, जिंकून डोक्यावर घेतली गेली, आणि २००५ला दुसरा अल्बम आला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुसरा अल्बम हा या देशातल्या अशा मुलींचा घातवारच.

एस्टेलने मात्र काय केलं, तर सरळ अमेरिकेची वाट धरली. ओळख आधीच काढून ठेवलेली होती. लॉस एंजेलिसमध्ये ‘रॉस्कोज’ नावाचं चिकन आणि वॉफल मिळणारं हॉटेल आहे. तिथे तिला अमेरिकन रॅपर कान्ये वेस्ट दिसला. ही धिटाईने उठली, त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, जॉन लेजंडशी माझी गाठ घालून दे. कान्येने घालूनही दिली. आपण असतो तर लांबून फोटो काढून घरी परतलो असतो! हा लेजंड म्हणजे अमेरिकन गायक, तिच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात तो आहे. पुढे त्याने ‘होमस्कूल’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी अटलांटिक या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या छत्राखाली काढली आणि एस्टेलला तिथे करारबद्ध केलं. तिथून ३१ मार्च २००८ला इंग्लंडात तिचा दुसरा अल्बम ‘शाइन’ आला, अमेरिकेत महिनाभराने.

आता त्यातल्याच त्या गाण्याकडे येते, नाहीतर मनवा पत्र फेकून देईल. ‘अमेरिकन बॉय’चा ठेका मुळात तिच्यासाठी बनलेलाच नव्हता. विल.आय.अ‍ॅमने २००७च्या आपल्या अल्बममध्ये ‘इम्पेशंट’ नावाचं गाणं केलं होतं, त्याचंच हे संगीत. एखाद्या अमेरिकन पोराची गाठ पडते यावर काहीतरी लिही, ही कल्पना लेजंडची. झालं, एवढ्यावर गाणं उभं राहिलं. तू आता ते नाचण्यासाठी नाही, नुसतं ऐकण्यासाठी लाव. खाली डिस्कोचा सरळ ठोका आणि त्यावर खेळणारी बेसची ओळ. एस्टेल मात्र जराही घाई करत नाही. समोरच्या पोरावर ती भाळलेली आहे, पण पाघळलेली नाही. मला न्यूयॉर्क दाखव म्हणते ते अशा थाटात, की बघू तुझ्याच्याने जमतंय का. कान्येचा रॅप तर लंडनची थट्टाच आहे. शिवून घेतलेल्या सुटाची ऐट करतो आणि मध्येच ‘रायबीना’चं नाव घेतो. रायबीना म्हणजे इथल्या प्रत्येक घरात पोरांना पाण्यात घालून देतात ते काळ्या मनुकांसारख्या बेरींचं सरबत, आपल्याकडच्या रसनासारखं घरोघरी पोहोचलेलं. अमेरिकन माणसाच्या तोंडी ते नाव ऐकून माझ्या ऑफिसातल्या पोरी खिदळायच्या.

तेव्हा मी इथे नवखी होते. चपलांचं दुकान म्हणू नकोस, सलून म्हणू नकोस, तो मार्च-एप्रिल जिथे जावं तिथे हेच गाणं. चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं. आणि गंमत ऐक. त्याने खाली कुणाला ओढलं, तर डफी या वेल्श गायिकेच्या ‘मर्सी’ला, जे त्याआधी पाच आठवडे तिथे ठाण मांडून होतं.

ही गंमत का, ते सांगते. त्या वर्षी इथली वर्तमानपत्रं ब्रिटिश सोल संगीताच्या, म्हणजे मुळात अमेरिकेतल्या काळ्या गायकांकडून आलेल्या भावपूर्ण गायकीच्या, नावाने नुसती न्हाऊन निघाली होती. एमी वाइनहाउसने फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळवलेल्या, जानेवारीत अ‍ॅडेलचा पहिला अल्बम आलेला, मार्चमध्ये डफीचा. तिघी गोऱ्या. एस्टेल एका मुलाखतीत बोलून गेली की माझा या मुलींवर राग नाही, पण सोलबद्दल एवढं लिहून येतंय त्यात एकही काळी गायिका का नाही? शिवाय अ‍ॅडेलचं गाणं म्हणजे सोल नव्हेच, असंही तिने ऐकवलं. गदारोळ झाला. अ‍ॅडेलच्या बाबतीत ती जास्तच कडक बोलली असं मला आजही वाटतं, तो गळा खोटा नाही. पण वर्तमानपत्रांना विचारलेला प्रश्न सोळा आणे खरा होता, आणि त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. सगळे ‘एस्टेल जळते’ एवढंच म्हणत राहिले. ज्या बाईला स्वतःच्या गावात जागा न मिळाल्याने समुद्र ओलांडून जावं लागलं, तिने हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी?

पुढे मर्क्युरीच्या यादीत ‘शाइन’ आणि अ‍ॅडेलचा ‘१९’ शेजारी शेजारी आले. जिंकला एल्बो नावाचा बँड. २००९च्या ग्रॅमीत एस्टेलला ‘अमेरिकन बॉय’साठी रॅप आणि गायनाच्या जोडगाण्याचा पुरस्कार मिळाला, कान्येबरोबर. त्याच रात्री अ‍ॅडेल सर्वोत्तम नवोदित ठरली, आणि डफीलाही एक मिळाला. म्हणजे घे.

अमेरिकेत मात्र भलताच तमाशा झाला. लोक ‘अमेरिकन बॉय’ आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातून सुटं विकत घेत होते, अल्बम कुणी घेईना. ऑगस्ट २००८मध्ये अटलांटिकने काय डोकं चालवलं, तर तिथल्या आयट्यून्सवरून गाणं आणि अल्बम दोन्ही काढूनच टाकले. गाणं हवंय? मग दुकानात जाऊन अख्खी सीडी घ्या. गाणं अकराव्या नंबरवर होतं, ते धाडकन सदतिसाव्यावर आलं. लोकांनी सीडी तर घेतली नाहीच, उलट कुठल्यातरी स्टुडिओवाल्यांनी घाईघाईने केलेली त्याची नक्कल विकत घेतली, आणि ती नक्कल चार्टवर चढली! शेवटी कंपनीने मुकाट्याने गाणं परत आणून ठेवलं. अल्बम तिकडे ३८व्या क्रमांकापुढे सरकला नाही. म्हणून मनवाला ‘एकच गाणं’ वाटतं त्यात तिचा दोष नाही. ज्यांचा माल होता त्यांनाच तो एकगठ्ठा विकता आला नाही.

आणि अल्बम कसा आहे, हे आता तरी सांगायला हवं. खरं सांगू का, सुमे, ‘शाइन’ एकसंध नाही. एकाच ताटात सगळ्या आत्यांनी आपापला हातखंडा पदार्थ वाढावा तसं झालंय. विल.आय.अ‍ॅम आहे, वायक्लेफ जाँ आहे, एमीबरोबर काम केलेला मार्क रॉन्सन आहे, सी-लो ग्रीन आहे, मालक या नात्याने लेजंड तर आहेच. ‘नो सब्स्टिट्यूट लव्ह’मध्ये जॉर्ज मायकलच्या ‘फेथ’ची चाल घेतलीय, ती मला उसनी वाटते आणि उसनीच राहते. सी-लोबरोबरचं ‘प्रिटी प्लीज’ साठच्या दशकातल्या मोटाउन या अमेरिकन सोल कंपनीचा झगा घालून येतं. छान आहे, पण त्या वर्षी निम्मं लंडन तोच झगा घालून फिरत होतं. लेजंडबरोबरचं ‘यू आर’ गोड, इतकंच.

पण मग लागतं ‘कम ओव्हर’. हे ऐकताना मला पटतं की एवढ्या सगळ्या पाहुण्यांनी मिळून जे केलं नाही ते ती एकटी करते. संथ रेगे, म्हणजे जमैकाचं ते डुलतं संगीत. गिटार ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडतं, बेस पोटात घुमतो, आणि वर एस्टेल अगदी घरगुती आवाजात, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी गाते. ‘घरी ये’, एवढीच विनवणी.

ही चाल जमैकाची असली तरी ही जातकुळी लंडनची आहे. तिला ‘लव्हर्स रॉक’ म्हणतात. सत्तरच्या दशकात कॅरिबियन लोकांना इथल्या कित्येक क्लबांच्या दारातूनच परत पाठवत. मग ते घरातल्या बैठकीच्या खोलीतलं फर्निचर हलवून, भलेमोठे स्पीकर लावून रात्रभर पार्ट्या करत. तिथे पहाटेकडे जोडप्यांनी नाचायचं हे हळुवार, मुलींनी गायलेलं रेगे. १९७५ साली शाळकरी वयाच्या लुइसा मार्कने गायलेल्या गाण्यापासून त्याची सुरुवात धरतात, आणि १९७९मध्ये जॅनेट केचं ‘सिली गेम्स’ थेट दुसऱ्या नंबरवर पोहोचलं. ग्रेनाडाहून आलेल्या बापाच्या लंडनमधल्या मुलीला हे संगीत शिकावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की अल्बम अमेरिकेने केला, पैसा तिथला, नावं तिथली, पण जिथे तो खरा वाजतो तिथे तो लंडनचा आहे. हे मी माझ्या शेजारणीलाही ऐकवलं, जी ग्रेनाडाचीच आहे. ती म्हणाली, “मग ‘सो मच आउट द वे’ विसरलीस का?” तेही रेगेच, आणि केलंय वायक्लेफने, म्हणजे पाहुण्याने. तेव्हा माझा सिद्धांत थोडा लंगडतो. लंगडू दे.

पुढचं थोडक्यात. तिसरा अल्बम यायला २०१२ उजाडलं. मनवाला कार्टून आवडत असतील तर ‘स्टीव्हन युनिव्हर्स’मधल्या गार्नेटचा आवाज हिचाच, तो सांग, त्याने तिचं मत चटकन बदलेल. आणि २०१८ला तिने अख्खा रेगेचा अल्बम केला, आईवडिलांच्या प्रेमकहाणीवर. नाव काय ठेवलं असेल? ‘लव्हर्स रॉक’!

तू ऐकशील तेव्हा ‘कम ओव्हर’ अल्बममधलंच ऐक. पुढे जमैकाच्या शॉन पॉलला घेऊन केलेलंही सापडेल, ते नको, तो मध्ये येऊन फार बडबड करतो. त्यानंतर मार्क रॉन्सनचं ‘मॅग्निफिसंट’, आणि मग ‘१९८०’. हेडफोन लाव, मोबाइलच्या स्पीकरवर त्या बेसचं मातेरं होतं.

तुझी,
वसू

ता.क. शिरीषच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन दिवाळीआधी असेल तर मी तिकीट बदलून घेते, लगेच कळव.