आधी शीर्षकातला ‘परिणाम’ काढ

मुंबई

चि. चिऊ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पीएचडीचा तुझा आराखडा दोनदा वाचला. फोनवर बोलताना निम्मं सुटतं, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

‘विधानसभा निवडणुकीत मराठी वृत्तपत्रांचा मतदारांवर झालेला परिणाम’ या शीर्षकातला ‘परिणाम’ आधी काढ. तू अंक वाचणार आहेस, मतदारांना भेटणार नाहीस. अंकातून काय छापलं एवढंच कळतं. ते वाचून कोणाचं मत बदललं, हे त्यात कुठेच नसतं. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांचा १९७२ सालचा अजेंडा सेटिंगचा, म्हणजे लोकांना कुठले विषय महत्त्वाचे वाटावेत हे बातम्या कशा ठरवतात यावरचा लेख तू संदर्भांत दिला आहेस ना? त्यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिलमधल्या, कोणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं आणि सोबत बातम्याही मोजल्या. दोन्ही बाजू हातात असूनही बातम्यांमुळे मतदार बदलले की मतदारांमुळे बातम्या, हा प्रश्न उरलाच. म्हणून पुढे १९७२ च्या निवडणुकीत शार्लट शहरात त्याच त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटावं लागलं. एकट्या माणसाने तीन-चार वर्षांत करायचं ते काम नाही.

त्यापेक्षा प्रश्न असा घे: २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या बातम्यांत बोलतं कोण? उमेदवार, प्रवक्ता, अधिकारी की साधा मतदार? याचं उत्तर छापील पानावर मिळतं आणि दुसऱ्या कोणालाही ते तपासून पाहता येतं.

आता अंक. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला झालं. म्हणजे १६ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर, ३६ दिवस. त्यातून दिवाळीत अंक न निघालेले दिवस वजा कर. एवढ्या छोट्या काळात नमुना काढू नकोस, सगळे अंक घे. वर्षभराची तुलना करायची असेल तरच नमुना लागेल. तेव्हाही सलग आठवडा उचलायचा नाही, कारण एखादी मोठी घटना अख्खा आठवडा खाऊन टाकते आणि रविवारच्या अंकाची घडणच वेगळी असते. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून दोन सोमवार, मग दोन मंगळवार, असे १४ अंक काढ.

फाइल कुठल्या आवृत्तीची आहे ते प्रत्येक अंकावर बघ. एकाच पेपरची मुंबई आणि ठाणे आवृत्ती आतल्या पानांवर पार वेगळी असते, आणि बाहेरगावी पाठवायची डाक आवृत्ती लवकर छापायला जात असल्याने रात्रीच्या सभा तिच्यात नसतात. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात किंवा दुसरीकडे कुठेही बसलीस तरी पुरवण्या आहेत का ते आधी विचार. पान फाटलेलं असेल तर तक्त्यात ‘उपलब्ध नाही’ लिही, शून्य नको. फोटो काढलास की लगेच तारीख, पेपर, पान या क्रमाने फाइलला नाव दे.

ई-पेपरच्या पीडीएफमध्ये शब्द शोधून बातम्या गोळा करण्याचा विचार सोडून दे. जुन्या फाँटमधला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा काला हाती येतो, आणि युनिकोड असला तरी ‘महापालिका’ शोधताना ‘मनपा’, ‘पालिका’, ‘बीएमसी’ निसटतात. पान डोळ्यांनीच वाच.

खरं काम कोडबुकात, म्हणजे बातमीतली कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात कशी नोंदवायची या नियमांच्या वहीत आहे, आणि तुझ्या आराखड्यात त्याला जेमतेम अर्धं पान मिळालंय. ‘बातमीतला स्रोत’ म्हणजे काय, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. एखाद्या सभेची बातमी घे. उमेदवाराचं वाक्य आणि पुढे ‘असे ते म्हणाले’, हा एक स्रोत. शेवटी ‘यावेळी अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते’ ही सात नावं. त्यातला एकही स्रोत नाही, कारण त्यांच्या तोंडी काहीच नाही. ‘सूत्रांनी सांगितले’ हा निनावी स्रोत. ‘असे समजते’ यात सांगणाराच नाही, त्याला वेगळा क्रमांक दे. हे नियम अंक उघडण्याआधी लिहून ठेवले नाहीस, तर पहिल्या आठवड्यात एक हिशेब आणि चौथ्यात दुसरा होईल, आणि ते तुझ्या लक्षातही येणार नाही.

पक्षाचा रकाना सर्वांत जास्त छळेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेनेचं नाव आणि चिन्ह गोठवलं गेलं, १७ फेब्रुवारी २०२३ ला ते शिंदे गटाला मिळालं, आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं नाव-घड्याळ अजित पवार गटाकडे गेलं. मागची वर्षं तुलनेला घेतलीस तर नुसता ‘शिवसेना’ हा कोड चालणार नाही. त्या तारखेला ते नाव कोणाकडे होतं हे कोडबुकात हवं. शिवाय एकाच पक्षाला कोणी ‘ठाकरे गट’ म्हणतं, कोणी ‘उबाठा’ (उद्धव बाळासाहेब ठाकरे). पेपरने कुठलं नाव वापरलं याला स्वतंत्र रकाना ठेव. मला तर तुझ्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा भाग तिथे दिसतोय.

‘पेड न्यूज’ हा कोड मात्र ठेवू नकोस. पैसे दिले-घेतले हे पानावरून सिद्ध होत नाही. दिसतं ते नोंदव: बातमीदाराचं नाव नाही, दुसरी बाजू नाही, निव्वळ स्तुती, ‘जाहिरात’ अशी खूण नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं ते असंच, वेगवेगळ्या पेपरांत शब्दशः एकच मजकूर. पेपर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून एका दिवशी एकच तारीख आणि त्या तारखेचे सगळे पेपर वाच.

दुसरा कोडर, म्हणजे त्याच नियमांनी बातम्या नोंदवणारा दुसरा माणूस, लागेलच. एकूण बातम्यांपैकी निदान १० टक्के त्याला स्वतंत्रपणे कोड करायला दे. मधे चर्चा नको. आणि ‘८८ टक्के जुळलं’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. समज, तुम्ही दोघांनीही १०० पैकी ९० बातम्यांना ‘तटस्थ’ म्हटलंय. मग न वाचता शिक्के मारले तरी सुमारे ८२ जुळणारच. योगायोगाच्या वर उरलेल्या १८ पैकी तुम्ही ६ मिळवले, म्हणजे गुणांक ०.३३. योगायोग असा वजा करणारं माप, क्रिपेनडॉर्फचा अल्फा, काढ. ०.८० च्या वर असेल तर निर्धास्त, ०.६६७ पर्यंत जपून निष्कर्ष, त्याखाली गेला तर कोडरला दोष न देता नियम पुन्हा लिही आणि नव्या बातम्यांवर तपास.

बाकीचं थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आहेत आणि कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत ते विचार. प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ अशी मर्यादा आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर तुझ्या विषयाचे जुने प्रबंध बघ, निष्कर्षाआधी पद्धतीचं प्रकरण वाच. पैसे भरले की आठवड्यात लेख स्वीकारणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नकोस, पुढे मुलाखतीत ते लेख अंगाशी येतात. प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, नेट, झाली नाही तर राज्याची सेट दे, पण कोडिंग चालू असताना परीक्षेचा अर्ज भरू नकोस.

उपसंपादकांच्या मुलाखती घेणार आहेस ना? संध्याकाळी फोन करू नकोस, तेव्हा पानं लागत असतात. सकाळी अकरानंतर कर, आणि त्याच दिवसाचा त्यांचा अंक वाचून मगच.

५ नोव्हेंबरच्या अंकातल्या पहिल्या २० बातम्या कोड करून मला पाठव. मी त्याच २० तुझा तक्ता न बघता करते, मग रविवारी दोन्ही समोरासमोर ठेवू. जिथे जुळणार नाही ती वाक्यं लाल पेनाने खुणावून आण.

तब्येतीला जप, ग्रंथालयात जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आई